साबण लावणं सोपं, काढणं अवघड!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

एप्रिल महिन्यातलं लातूर. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झालेत. शाळेचा गणवेश, एक टॉवेल आणि दोन बनियन साबणाने घासून, पिळून ठेवलेत. ते खळबळायला घरात उरलंय फक्त ९ लिटर पाणी. झालं, वाद सुरू! ताई म्हणते, "सगळं पाणी एकदमच बादलीत ओत, म्हणजे कपडे चांगले बुडतील." धाकटा म्हणतो, "नाही गं ताई, तीन-तीन लिटरचे तीन वाटे करू." आजी हसते, "पाणी तेवढंच ना? मग एकदा काय अन् तीनदा काय!"

सांगा बरं, कोणाचं खरं? उत्तर लगेच खाली शोधू नका हं. हे कोडं कुणासाठी महत्त्वाचं आहे, ते आधी पाहू.

ज्याच्या कातडीला कळतं

तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मानेवर खरखरीत, लालसर किंवा काळपट चट्टे. तास चालू असताना हात नकळत तिकडे जातो आणि खाजवू लागतो. मग शेजारचा हळूच सरकून बसतो. "त्याचं आपल्याला होईल," असं कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं.

असे चट्टे बऱ्याच वेळा इसबाचे असतात. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. आणि इसब संसर्गजन्य नाही! तो शिवल्याने होत नाही, एका बाकावर बसल्याने होत नाही, डबा वाटून खाल्ल्याने तर नाहीच नाही. खरूज आणि नायटा मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पण काय झालंय हे ठरवायचं काम डॉक्टरांचं, वर्गातल्या पोरांचं नव्हे.

मग इसब होतो तरी कशाने? आपल्या खेड्यांतल्या जुन्या वाड्याची दगडी भिंत आठवा. दगडाला दगड, आणि मधल्या फटींत भरलेला चुना किंवा चिखल. त्वचेचा वरचा थर साधारण असाच असतो. पेशी म्हणजे दगड आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. इसब असलेल्यांच्या भिंतीत फटी राहतात. आतला ओलावा उडून जातो, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांना २००६ साली आढळलं, की इसबाच्या काही रुग्णांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातच बिघाड असतो. हे प्रथिन भिंत पक्की करायला मदत करतं. प्रत्येकाचं कारण हेच असतं असं नाही. पण इसब म्हणजे अस्वच्छपणा नव्हे, एवढं यावरून नक्की कळतं. उलट घासून घासून, साबण लावलावून आंघोळ केली तर तो चिडतो!

आता कपड्याकडे या. बनियन दिवसभर अंगाला चिकटलेलं असतं. त्यात साबण उरला असेल, तर घाम आला की तो ओला होतो आणि थेट कातडीवर उतरतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी. पक्क्या भिंतीला याचं फारसं काही वाटत नाही. फटी पडलेल्या भिंतीला मात्र लगेच कळतं. म्हणून डॉक्टर इसबाच्या रुग्णाला सांगतात, की कपड्यातला साबण पूर्ण निघू द्या.

सांगणं सोपं आहे. आपल्याकडे मात्र इथेच घोडं अडतं. एक तर पाणी कमी, आणि जे आहे ते जड!

आपलं पाणी

नांदेडच्या लोकांना गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूर शहराची भिस्त मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर. २०१६ साली ते धरण कोरडं पडलं. त्या वर्षी १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी! लोक तिला 'जलदूत' म्हणू लागले. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. साडेतीनशे किलोमीटर दुरून आलेल्या त्या पाण्यातलं एक तांब्यासुद्धा कुणी वाया घालवलं नसेल. अशा वेळी "कपडे भरपूर पाण्यात खळबळा" असं सांगणं म्हणजे थट्टाच की!

धरण आटलं की आपण बोअरकडे आणि हापशाकडे वळतो. मराठवाड्याच्या बहुतेक भागात जमिनीखाली बेसॉल्ट हा काळा दगड आहे. मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दगडाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवत जातं. तेच आपलं जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणतात. म्हणजे ज्यात फेस होत नाही ते. बादलीला बसलेला पांढरा थर, न शिजणारी डाळ, ही त्याचीच ओळख. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हे क्षार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत.

करून पाहा

झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत अर्ध्यापर्यंत बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी. अंगाच्या साबणाचे चार-पाच पातळ कीस वाटीभर कोमट पाण्यात विरघळवा. त्यातलं एक-एक चमचा पाणी दोन्ही बाटल्यांत टाका आणि दहा वेळा हलवा. फिल्टरच्या पाण्यात फेस उभा राहील. बोअरच्या पाण्यात फेस कमी, आणि वर पांढरट साय आल्यासारखं दिसेल. आता पुन्हा एक चमचा, पुन्हा दहा वेळा. दोन्हीकडे सारखा फेस यायला किती चमचे लागले, ते वहीत लिहून ठेवा.

ती पांढरट साय म्हणजे कॅल्शियमने पकडलेला साबण. तो ना विरघळतो, ना मळ काढतो. नुसता धाग्यांत अडकून बसतो. पांढरे कपडे राखाडी होतात, टॉवेल वाळला की पापडासारखा कडक होतो. डिटर्जंट पावडरची अशी साय होत नाही. पण जड पाण्यात तिचाही फेस कमी दिसतो, म्हणून आपण मूठभर जास्त टाकतो. ती जास्तीची मूठ काढायला आणखी पाणी लागतं, आणि पाणी तर नाहीच!

पालकांसाठी एक गोष्ट. पाणी मऊ करणारं महागडं यंत्र बसवलं तर इसब कमी होईल का? इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर हा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतरही यंत्र असलेल्या आणि नसलेल्या घरांतल्या मुलांच्या इसबात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. तेव्हा यंत्रासाठी कर्ज काढू नका. मोजून साबण आणि नीट खळबळणं, हे बिनपैशाचं आहे.

बिब्ब्याची खूण

"एवढासा साबण उरला तर काय मोठंसं होतं?" असं कुणी म्हणेल. त्याला ही खरी गोष्ट सांगा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक हिंदुस्थानात आले होते. त्यातल्या काहींच्या मानेवर, कमरेवर खाज सुटून पुरळ, फोड येऊ लागले. डॉक्टरांनी निरखून पाहिलं. जिथे खाज, नेमकी तिथेच कपड्यावर धोब्याने केलेली छोटीशी काळी खूण! अनेक घरांचे कपडे एकत्र धुताना कोणता कपडा कुणाचा हे कळावं, म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. हा रस कापडावर काळा पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. अमेरिकी डॉक्टरांनी १९४३ साली यावर लेख लिहिला आणि रोगाला नावच दिलं, 'धोबी-खुणेचा त्वचादाह'. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावातल्या 'सेमेकार्पस' या शब्दाचा अर्थही 'खुणेचं फळ' असाच आहे.

आपल्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "त्यात काय नवीन? बिब्बा उततो, हे आम्हाला ठाऊकच आहे!" खरंच आहे. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. म्हणून इसबावर बिब्बा कधीही लावायचा नाही, कुणी कितीही खात्रीने सांगो. 'झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी' हा हिशेब बिब्ब्यापुढे टिकत नाही.

बिब्बा आणि साबण यांचा त्रास अगदी एकसारखा नसतो. पण या गोष्टीतून दोन धडे मिळतात. एक, कपड्यातला एवढासा अंशसुद्धा कातडीला पुरतो. दोन, खाज कुठे आहे हे पाहिलं तर कारणाचा माग लागतो. कॉलरपाशी? लेबल किंवा राहिलेला साबण पाहा. कमरेला? इलॅस्टिक पाहा. बेंबीपाशी? पँटचं धातूचं बटण पाहा. तुम्हीच गुप्तहेर व्हा!

आता कोड्याचं उत्तर

समजा, पिळून ठेवलेल्या कपड्यांत १ लिटर साबणाचं पाणी उरलंय आणि त्यात साबणाच्या ६४ चिमटी आहेत.

ताईची पद्धत: ९ लिटर एकदम ओतलं. कपड्यातलं १ धरून झालं १० लिटर. साबण सगळीकडे सारखा पसरला. पुन्हा पिळलं, कपड्यात १ लिटर उरलं. म्हणजे साबणाचा दहावा हिस्सा, ६.४ चिमटी.

धाकट्याची पद्धत: पहिल्यांदा ३ लिटर. कपड्यातलं १ धरून ४ लिटर. पिळल्यावर उरला चौथा हिस्सा, १६ चिमटी. दुसऱ्या ३ लिटरमध्ये १६ चे झाले ४. तिसऱ्या ३ लिटरमध्ये ४ चा झाला १!

पाणी तेवढंच, ९ लिटर. एकीकडे उरल्या ६.४ चिमटी, दुसरीकडे १. म्हणजे सहापटींहून अधिक फरक! मात्र एक अट आहे. दर वेळी कपडे मधूनमधून हलवत पाच मिनिटं पाण्यात राहू द्यायचे, कारण धाग्यांत अडकलेला साबण बाहेर यायला वेळ लागतो. आणि दर वेळी घट्ट पिळायचे. न पिळता पुढच्या पाण्यात टाकले, तर गणित कोसळलंच म्हणून समजा.

आणखी एक युक्ती. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते ओतून देऊ नका. दुसऱ्या घाण्याच्या कपड्यांचं ते पहिलं पाणी करा. पहिलं, जास्त साबणाचं पाणी पायपुसणी धुवायला किंवा मोरी, संडास यांना वापरा. म्हणजे ज्याला इसब आहे त्याचे कपडे आधी खळबळायचे, बाकीच्यांचे नंतर.

धुण्याचे साधे नियम

१. पावडर मुठीने नाही, चमच्याने मोजा. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. वासाची पावडर, वासाचं मऊ करणारं औषध इसब असलेल्याच्या कपड्यांना नको. जंतुनाशकाचे थेंब, नीळ आणि खळही नको.

२. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे टाका. कोरडी पावडर कपड्यावर भुरभुरली की तिचे कण शिवणीत अडकतात.

३. सगळ्यांत चांगलं पाणी शेवटी वापरा. भिजवायला बोअरचं चालेल, शेवटच्या वाट्याला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं ठेवा. घरच्या आरओ यंत्रातून बाजूला पडणाऱ्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. ते फरशीला ठीक, बनियनला नको.

४. शेवटचं पिळलेलं पाणी तळहातावर घ्या. बुळबुळीत लागलं किंवा फेसाळलं, तर आणखी एक पाणी हवं.

५. धुण्याचं मशिन असेल तर गच्च भरू नका आणि जादा खळबळण्याचं बटण वापरा.

६. जून महिन्यात नवा गणवेश आला की आधी धुवा, मग घाला. नव्या कापडाला खळ आणि चकाकीची रसायनं असतात. मानेचं लेबल उसवून टाका. अंगालगत सुती कापड असू द्या, लोकर किंवा टेरिकॉट नको.

७. कपडे दोरीवर उन्हात वाळवा. झुडपांवर, बांधावर तर अजिबात नको. पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा दिसलेलं गाजरगवत आता आपल्या प्रत्येक माळावर आहे, आणि त्यानेही कातडीला भयंकर खाज सुटते.

रिठ्याचं काय, असं आजी विचारेल. रिठ्याच्या फळात सॅपोनिन असतं, त्याचाही फेस होतो. आजी रेशमी साडी आणि लोकरीचे कपडे त्यातच धुते. इसब असलेल्याच्या एकाच बनियनवर वापरून पाहायला हरकत नाही. मात्र रिठ्याचं पाणीही तितकंच नीट खळबळून काढायचं. आणि ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार चुरचुरतं.

धुणारे हात

शेवटी एक गोष्ट, जी आपण नेहमी विसरतो. कपडे घालणाऱ्याच्या कातडीची काळजी झाली. पण धुणाऱ्या हातांचं काय? रोज पावडरीत बुडणारे आईचे किंवा धुणंवाल्या मावशींचे हात एकदा नीट पाहा. बोटांच्या बेचक्यांत भेगा, तळवे खरखरीत, मीठ लागलं की आग. तोही बऱ्याच वेळा इसबच असतो, हातांचा! धुणं झाल्याबरोबर हात साध्या पाण्याने धुवून, टिपून लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळलं तर भिंतीच्या फटी थोड्या बुजतात. रबरी मोजे घातले तर आत पातळ सुती मोजे हवेत. आणि हाताला भेगा असतील तेव्हा पावडरीत हात घालायची पाळी दुसऱ्या कुणाची तरी असायला हवी. इथे मोठ्या माणसांकडे बघू नका. खळबळायचं काम तुमचं! तीन बादल्या, तीन वाटे, घट्ट पिळणं, हे पाचवीतल्या मुलालाही जमतं. बाबांनाही जमतं, बरं का.

मात्र हे लक्षात ठेवा, की कपडे नीट धुतल्याने इसब बरा होत नाही. त्याला डिवचणं फक्त थांबतं. औषध डॉक्टरांनीच द्यायचं. लातूरला आणि नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे त्वचारोगाचे डॉक्टर भेटतात. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून मलम आणून लावू नका. चट्ट्यातून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, तर आजच जा.

या आठवड्याचा अभ्यास दोन भागांत आहे. पहिला घरचा: आपल्याकडे एका धुण्याला किती चमचे पावडर लागते ते मोजा. मग एक चमचा कमी करून कपडे स्वच्छ निघतात का ते पाहा. दुसरा शाळेतला, आणि तो जास्त महत्त्वाचा: ज्याच्याजवळून सगळे सरकून बसतात, त्याच्या बाकावर उद्या तुम्ही जाऊन बसा. कुणी विचारलंच, तर चौसष्टाचं कोडं घाला.